दारिद्र्याचे जीवनचक्र

श्रमिकाच्या आयुष्यात वय व कुटुंबस्थिती यांनुसार आळीपाळीने येणाऱ्या ओढगस्तीच्या व सुस्थितीच्या काळांचा क्रम. ब्रिटिश समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील ११,५६० कुटुंबांच्या १८९९ मधील पाहणीवरून तो १९०१ मध्ये मांडला (पहा : दारिद्र्यरेषा). बालपणी टंचाई, कमावते झाल्यावर थोडी शिल्लक, लग्नानंतर दोन-तीन मुले होताच पुन्हा ओढाताण, ती थोरले मूल १४ वर्षांचे होऊन मजुरीला लागेपर्यंत, नंतर काहीशी उसंत, मुले वेगळी झाली व हातपाय थकले की तिसऱ्यांदा चणचण. बाळंतपणाची बहुतेक वर्षे टंचाईतच जात असल्याने स्त्रियांना याची झळ अधिक. राउंट्री यांच्या विवेचनातील स्त्रियांविषयीचा हा भाग विशेष मोलाचा. चक्राच्या अखेरीस वार्धक्यात येणाऱ्या चणचणीपुरते पाहता, ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरजूंना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मंजूर झाले (पहा : सामाजिक सुरक्षा).