प्रशिक्षक काढण्याची किंमत : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील ‘बायआउट’

११ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मिसिसिपी स्टेटवर ५१-१० असा दणदणीत विजय मिळवला. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना पदावरून दूर केले. सहाव्या हंगामापर्यंत त्यांच्या खात्यावर ४५ विजय आणि २५ पराभव जमा होते. विद्यापीठाच्या अपेक्षेच्या मानाने ही कामगिरी तोकडी होती. मात्र त्यांचा करार २०३१ पर्यंतचा होता. त्यामुळे त्यांना देय ठरलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरांवर गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने सहाशे कोटी रुपयांहून अधिक. त्यापूर्वीचा ज्ञात उच्चांक ऑबर्न विद्यापीठाचा होता. २०२० मध्ये गस माल्झान यांना निरोप देताना त्या विद्यापीठाने सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर मान्य केले होते.

बायआउट म्हणजे काय?

मुदतीपूर्वी करार मोडणाऱ्या पक्षाने दुसऱ्याला द्यायची, आधीच ठरलेली रक्कम म्हणजे बायआउट. ही अट दोन्ही बाजूंना लागू असते. प्रशिक्षक स्वतःहून दुसरीकडे गेला, तर जुन्या विद्यापीठाची भरपाई करावी लागते आणि ती बहुधा नवे विद्यापीठच करते. जानेवारी २०२४ मध्ये निक सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठातून केलन डिबोअर यांना आणले. त्यासाठी सुमारे १ कोटी २० लाख डॉलर वॉशिंग्टनला मोजावे लागले. डिबोअर यांचे वेतन याखेरीज होते.

हकालपट्टीचे दोन प्रकार आहेत. गैरवर्तनासारखे सबळ कारण असल्यास विद्यापीठ पुढील देणे नाकारू शकते. मिशिगन स्टेटने सप्टेंबर २०२३ मध्ये मेल टकर यांच्याबाबत हाच मार्ग धरला. त्यांचा करार दहा वर्षांचा आणि साडेनऊ कोटी डॉलरांचा होता. सामने हरणे हे मात्र असे ‘कारण’ ठरत नाही. तेव्हा हमी दिलेली रक्कम द्यावीच लागते.

दोन कलमांचा फरक

ही रक्कम प्रत्यक्षात किती पडेल, हे प्रामुख्याने दोन कलमांवर ठरते. पहिल्यानुसार काढलेल्या प्रशिक्षकाने प्रामाणिकपणे नवे काम शोधायचे असते. दुसऱ्यानुसार नव्या नोकरीतील वेतन जुन्या देण्यातून वजा होते. फिशर यांच्या करारात ही दोन्ही कलमे नव्हती. सुमारे चतुर्थांश रक्कम साठ दिवसांत आणि उरलेली २०३१ पर्यंत दरवर्षी सुमारे ७२ लाख डॉलर, अशी रचना होती. उद्या ते दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक झाले, तरी या देण्यातील एक डॉलरही कमी होणार नव्हता.

पेन स्टेटचा अनुभव याच्या उलट आहे. जानेवारी २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांचा संघ राष्ट्रीय प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत खेळला. ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन यांना नारळ मिळाला. देणे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरांचे होते. परंतु नव्या कामाची कमाई त्यातून वजा होणार होती. नोव्हेंबरमध्येच ते व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाले आणि पेन स्टेटशी त्यांचा हिशेब सुमारे ९० लाख डॉलरांवर मिटल्याचे वृत्त आले.

पैसा कोणाचा?

फिशर यांच्या देण्यासाठी ॲथलेटिक विभागाचे उत्पन्न आणि ‘ट्वेल्थ मॅन फाउंडेशन’ या देणगीसंस्थेचा निधी वापरण्याचे ठरले. अशा विभागांचे उत्पन्न दूरचित्रवाणी हक्क, तिकिटे आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येते. ‘करदात्याचा पैसा नाही’ हा विद्यापीठांचा खुलासा म्हणूनच बरेचदा खरा असतो, पण अपुरा. देणगीदाराचा डॉलर एकदाच खर्च होतो. बड्या परिषदांबाहेरील अनेक विद्यापीठांत तर खेळांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनही भागवला जातो.

आता या तिजोरीवर आणखी एक हक्कदार आला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. म्हणजे फिशर यांचे एकट्याचे देणे या कमाल मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक भरते.

तोच कित्ता

फिशर यांना डिसेंबर २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरांची हमी देऊन आणले गेले, तेव्हा ए अँड एमचे ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड होते. ते गेल्यानंतर, २०२० च्या एका चांगल्या हंगामाच्या बळावर, विद्यापीठाने २०२१ मध्ये हा करार आणखी वाढवला. पुढचे निकाल पाहण्याआधीच दिलेली ही हमी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

वुडवर्ड दरम्यान लुइझियाना स्टेटमध्ये गेले होते. तेथे २०२१ मध्येच त्यांनी ब्रायन केली यांना दहा वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरांवर आणले. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी केली यांचा संघ घरच्या मैदानावर त्याच टेक्सास ए अँड एमकडून ४९-२५ असा हरला. दुसऱ्या दिवशी केली गेले. देणे होते सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर. राज्यपाल जेफ लँड्री यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि काही दिवसांतच वुडवर्डही पायउतार झाले. वाद न्यायालयात पोहोचल्यावर विद्यापीठाने, केली यांना सबळ कारणाविना काढल्याचे नोव्हेंबरअखेर मान्य केले. त्याच सुमारास लेन किफिन यांच्याशी सात वर्षांचा, वार्षिक सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांचा करार झाला.

अमेरिकेतील बहुसंख्य नोकरदार ‘ॲट-विल’ तत्त्वावर काम करतात. नोकरी गेल्यास काही आठवड्यांचे वेतन मिळाले तरी पुष्कळ. व्हिसावर असलेल्यांना तर नवे काम साठ दिवसांत शोधावे लागते. प्रशिक्षकांना मिळणारी हमी त्यांच्या एजंटांनी वाटाघाटीत मिळवलेली आहे आणि ती विद्यापीठांच्या प्रमुखांनी स्वखुशीने मान्य केलेली आहे. हकालपट्टीच्या दिवशी बातमीत झळकणारा आकडा प्रत्यक्षात नेमणुकीच्या दिवशीच ठरलेला असतो. सार्वजनिक विद्यापीठांचे असे करार बहुतेक राज्यांत मागवून वाचता येतात. देणगीचे आवाहन किंवा मुलांच्या शुल्काचे बिल हाती पडते, तेव्हा ते वाचण्याजोगे असतात. त्यात आधी पाहावे ते वेतनाच्या आकड्यापलीकडचे, हमी आणि वजावटीचे कलम.