पाटी झाडाला, माणसाला का नाही?

दोस्तांनो, भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लेडी फ्रियरनं उघडली. तिचा नवरा तेव्हा मुंबईचा गव्हर्नर. बाग उभी करणाऱ्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचं नाव इतिहासात आहे. १८७३ ला बाग म्युनिसिपालटीकडं गेली, तेही आहे. झाडांचं तर विचारूच नका. गोरखचिंच आफ्रिकेची, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा. प्रत्येकाचं मूळगाव, कूळ, लॅटिन नाव नोंदलेलं. त्या काळी दूरदेशची रोपं बोटीवरून वॉर्डच्या बंद काचपेटीत धाडत. आतली वाफ काचेवर जमून परत मातीत मुरायची, खारा वारा लागायचा नाही. रोपाची एवढी बडदास्त! पण खड्डे कुणी खांदले, पाणी कुणी वाहिलं? मी वाचलं तिथं त्यांचं एकही नाव नाही.

एकीकडं शहरात बागा फुलत होत्या. दुसरीकडं तेच सरकार १८७८ चा जंगल कायदा करून डोंगरातल्या माणसाचं लाकूड-चारा तोडत होतं. जोतिरावांनी हे ओळखलं. जंगलखात्यानं गुरांची चराऊ रानं गिळली, हे त्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं. ते माळ्याच्या घरातले. झाड कुणाच्या घामावर वाढतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आपलं भांडण झाडाशी नाही, नोंदवहीशी आहे. तुमच्या वस्तीत बागखात्यात राबलेले म्हातारे असतील. त्यांना बापजाद्यांची नावं विचारा, कागदावर उतरवा. ही पाटी आपल्यालाच लावावी लागणार. जयभीम!