मद्यार्काची वाफ एक, पाट्या दोन

गळीत हंगामात राहाता, श्रीरामपूर, कोपरगावच्या पट्ट्यातून रात्री गेलात, तर गाव येण्याआधी मळीचा आंबूस वास येतो. त्या वासाच्या मुळाशी, डिस्टिलरीत, जाड बिडाच्या कवचातली मोटर असते. तिच्या पाटीवर काही गूढ अक्षरे असतात. आजचा धागा त्या अक्षरांचा.

१९५०-५१ मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले. जिल्ह्यात साखरेमागून मळी आली, मळीमागून मद्यार्क. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतला एक शेजारच्या मनमाडला होता. इथेनॉल सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. नगरची डिसेंबरातली दुपारही त्याहून उबदार. हवेत ही वाफ ३ टक्क्यांवर गेली की स्विचची ठिणगी पुरते.

मात्र या मोटरीचे पूर्वज कोळशाच्या खाणीत सापडतात. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगहेनिड खाणीत ४३९ कामगार मेले. चौकशीत संशयितांच्या यादीत विजेच्या संकेतघंटेची ठिणगीही होती! त्याआधीच जर्मनीत गेल्सेनकिर्शेन येथे कार्ल बाइलिंग यांनी कवचांवर प्रयोग केले होते. कल्पना धाडसी होती : स्फोट टाळायचा नाही, तो कवचातच होऊ द्यायचा. सांध्याची फट इतकी अरुंद आणि लांब ठेवायची, की बाहेर पडणारी ज्वाला वाटेतच थंड व्हावी. डेव्हीच्या १८१५ च्या दिव्यातील जाळीचे तत्त्वही हेच.

अमेरिकेची वाट निराळी. तिथे विमा कंपन्या आणि अग्निशमन संघटनांच्या छायेत वाढलेल्या विद्युत संहितेने जागांचे ‘डिव्हिजन’ दोनच केले : धोका नेहमीचा, किंवा बिघाड झाला तरच. युरोपने तीन ‘झोन’ मानले. वायू सतत असणारी जागा (टाकीचे पोट, उदाहरणार्थ) वेगळी काढली. १९९६ मध्ये अमेरिकेनेही झोनचा पर्याय संहितेत घेतला, पण जुनी पद्धत ठेवूनच.

आता खरी गंमत. ज्वाला पलीकडे जाऊ न देणारी कमाल फट इथेनॉलसाठी सुमारे ०.८९ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय मानकाची गटसीमा ०.९० वर आहे, म्हणून इथेनॉल अधिक कडक ‘आयआयबी’ गटात पडते. अमेरिकेची सीमा ०.७५ वर, म्हणून तिथे तेच इथेनॉल सर्वांत सौम्य ‘डी’ गटात, प्रोपेनच्या पंक्तीला. वाफ तीच, फरक शतांश मिलिमीटरचा. अमेरिकी ‘डी’ पाटीची मोटर आणून ‘आयआयबी’च्या जागी बसवली, तर ती तिथल्या कसोटीला कधी उतरलेलीच नसते.

भारताने वाट ब्रिटिशांकडून घेतली. १९५६ मध्ये धनबादला खाण संशोधन केंद्र उभे राहिले आणि कवचांच्या चाचण्या तिथे होऊ लागल्या. पेट्रोलियमच्या जागांसाठीची मंजुरी मात्र आपल्या नागपुरातून, मुख्य विस्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयातून येते. आज भारतीय मानक ब्युरोने आंतरराष्ट्रीय मालिकाच स्वीकारली आहे.

आणि धोका फक्त वाफेचा, असे समजू नका. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात १४ जण मृत्युमुखी पडले. तिथे मद्यार्क नव्हता. पेटली ती साखरेची धूळ. अमेरिकी संहितेत या धुळीला ‘क्लास टू, गट जी’ म्हणतात, आंतरराष्ट्रीय मानकात तिच्यासाठी २०, २१, २२ असे स्वतंत्र झोन आहेत.