बंदिस्त श्रम आणि सिनेटची सुनावणी
(प्रस्तावना)

जानेवारीतल्या तिसऱ्या बुधवारी हवाई राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन होनोलुलूत सुरू होते आणि गव्हर्नरांचे संदेश सिनेटकडे येऊ लागतात. त्यांतले कितीतरी संदेश केवळ नावांचे असतात. अमुक मंडळावर अमुक व्यक्तीला नेमायचे आहे, सिनेटने विचार करून संमती द्यावी, एवढाच त्यांचा मजकूर. या नावांत अधूनमधून कारागृह उद्योगांच्या सल्लागार समितीसाठी सुचवलेली नावेही असतात. राज्याच्या कारागृहांत कैद्यांकडून छपाई, फर्निचर, शिवण अशी जी उत्पादक कामे करून घेतली जातात, त्यांच्याबद्दल शासनाला सल्ला देणारी ही समिती. तिच्या सदस्यांना पगार नाही आणि कोणाला हुकूम सोडण्याचा अधिकारही नाही. त्यांच्या नेमणुकीची सुनावणी बहुधा लवकर आटोपते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिला जागा मिळत नाही.

या पुस्तकाचा विषय तीच सुनावणी आहे. राज्यशास्त्र, कायदा, कामगार चळवळ किंवा कारागृह सुधारणा यांपैकी कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे येथे मनापासून स्वागत आहे, कारण या चारही वाटा या विषयात येऊन मिळतात.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. हवाईच्या संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदानुसार गव्हर्नर नाव सुचवतात आणि सिनेट संमती देते किंवा नाकारते. नाव आले की ते संबंधित विषय समितीकडे जाते. सुनावणीची सूचना प्रसिद्ध होते, उमेदवाराची कारकीर्द आणि त्याचे निवेदन समितीपुढे ठेवले जाते, विभागाचे अधिकारी आणि सामान्य नागरिक लेखी किंवा तोंडी साक्ष देऊ शकतात. समिती मतदान करून अहवाल देते आणि शेवटी २५ सदस्यांचे सिनेट मत नोंदवते. अधिवेशन चालू नसताना जागा रिकामी झाली, तर गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करू शकतात. ती पुढच्या अधिवेशनाच्या अखेरीपर्यंतच टिकते. ज्या व्यक्तीला सिनेटने संमती दिली नाही, तिला त्याच पदावर तात्पुरते आणून बसवता येत नाही. सदस्यत्वाची मुदत साधारण चार वर्षांची असते आणि सलग आठ वर्षांहून अधिक काळ कोणी राहू शकत नाही. समिती कामाला लागली की तिच्या बैठका खुल्या असाव्यात आणि त्यांची सूचना सहा दिवस आधी लागावी, असे राज्याचा खुल्या बैठकांचा कायदा सांगतो.

एवढी काळजी एका सल्लागार समितीसाठी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या बंदिस्त श्रमाच्या इतिहासात सापडते.

१८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेल्या सक्तीच्या श्रमाला त्याच वाक्यात अपवाद ठेवला. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांनी कैदी खाणमालकांना, रेल्वे कंपन्यांना आणि मळेवाल्यांना भाड्याने दिले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. उत्तरेकडे न्यूयॉर्कच्या ऑबर्न कारागृहात १८२०च्या दशकापासून वेगळी पद्धत रुजली होती. दिवसा सगळ्यांनी एकत्र पण अबोल राहून कारखान्यात काम करायचे आणि रात्री प्रत्येकाने आपापल्या कोठडीत जायचे, असा तिथला शिरस्ता होता. हा कारखाना बाहेरच्या ठेकेदाराचा असे. भिंतीबाहेरच्या कामगाराला कळून चुकले की आपल्या हातच्या वस्तूपेक्षा स्वस्त वस्तू तुरुंगातून बाजारात येते आहे. कामगार संघटना आणि छोटे कारखानदार एरवी एकमेकांविरुद्ध उभे असत. या प्रश्नावर ते एकत्र आले.

त्यांच्या रेट्यातून कायदे आले. १९२९च्या हॉज-कूपर कायद्याने बाहेरच्या राज्यातून आलेल्या तुरुंगातल्या मालावर बंधने घालण्याची मुभा राज्यांना दिली. महामंदीच्या काळात, १९३५ साली, अ‍ॅशर्स्ट-समनर्स कायद्याने ती बंधने आणखी आवळली. खुला बाजार जवळजवळ बंद झाल्यावर उरलेले मुख्य गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकार. शाळांची बाके, कार्यालयांतली टेबले, मोटारींच्या नंबरपाट्या, सरकारी छपाई ही कामे तुरुंगांकडे आली. दरम्यान १९३४मध्ये रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत संघीय कारागृह उद्योगांचे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या संचालक मंडळाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यावर उद्योग, कामगार, शेती, किरकोळ विक्रेते व ग्राहक, संरक्षण खाते आणि ॲटर्नी जनरल यांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी असतात. ज्यांच्या हिताला तुरुंगातल्या मालाने धक्का बसू शकतो, त्यांना टेबलाभोवती बसवून केलेला हा तह होता. राज्यांच्या मंडळांवरही याच विचाराची छाप आहे. कायद्यात कामगारांची जागा किंवा उद्योगाची जागा असे शब्द दिसले, की त्यामागे एक जुना झगडा आहे हे अभ्यासकाने ओळखावे.

पण जो प्रत्यक्ष यंत्रावर बसतो, त्याची खुर्ची या तहात ठेवली गेली नाही. त्याचे हात बांधलेले आहेत. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनातल्या कैद्यांच्या कामगार संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि तुरुंग प्रशासनाने संघटनेवर घातलेली बंधने ग्राह्य धरली. १९९३मध्ये हवाई ज्या संघीय परिमंडळात येते, तिथल्या अपील न्यायालयाने अ‍ॅरिझोनातल्या कैद्यांना किमान वेतनाचा कायदा लागू नाही असे ठरवले. शिवाय हवाईत शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मतदानाचा हक्क नसतो. म्हणजे तो संप करू शकत नाही, काम सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि आमदाराला मताची भीतीही घालू शकत नाही. त्याच्या श्रमाबद्दल सल्ला देणाऱ्या माणसाला लोकांसमोर प्रश्न विचारण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत नेमणुकीची सुनावणी एक आहे. म्हणून ती गांभीर्याने व्हायला हवी, आणि तशी ती व्हावी यासाठी तिचा अभ्यास हवा. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे.

तुलना केली तर हे म्हणणे अधिक स्पष्ट होते. संघीय महामंडळाचे संचालक राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यांना अमेरिकी सिनेटच्या संमतीची गरज नसते. कॅलिफोर्नियाच्या कारागृह उद्योग मंडळात ११ सदस्य असतात. त्यांत काही पदसिद्ध, चार गव्हर्नरांनी नेमलेले, दोन विधानसभेच्या अध्यक्षांनी आणि दोन सिनेटच्या नियम समितीने नेमलेले. म्हणजे तिथे विधिमंडळ स्वतःच काही माणसे निवडते. फ्लोरिडाने १९८१मध्ये सगळे कारागृह उद्योग ‘प्राइड’ या ना-नफा महामंडळाकडे सोपवण्याचा मार्ग धरला. तिथे संचालक गव्हर्नर नेमतात आणि सिनेट मान्यता देते. तरीही २००३मध्ये फ्लोरिडा विधिमंडळाच्याच मूल्यमापन कार्यालयाने या महामंडळाने संलग्न कंपन्यांना दिलेल्या कर्जांवर गंभीर आक्षेप घेतले. संमतीचा शिक्का मिळाला म्हणजे देखरेख झाली असे नाही, हा फ्लोरिडाचा धडा आहे. सुनावणीचे मोल तिच्यात विचारलेल्या प्रश्नांवर ठरते.

कोणते प्रश्न? चार तरी टाळता येणार नाहीत.

पहिला वेतनाचा. संघीय उद्योगांत तासाला २३ सेंट ते १.१५ डॉलर आणि कॅलिफोर्नियात ३५ सेंट ते एक डॉलर अशी श्रेणी वर्षानुवर्षे चालत आली. त्या पैशातून कैद्याला साबणापासून फोनपर्यंतचा खर्च करायचा असतो. १९७९मध्ये अमेरिकी काँग्रेसने खासगी उद्योगांसाठी एक वेगळी वाट उघडली. त्या योजनेत स्थानिक प्रचलित वेतन द्यावे लागते, कामगार संघटनांशी सल्लामसलत करावी लागते आणि बाहेरच्या कामगाराची नोकरी जाता कामा नये अशी अट असते. मात्र कर, निवासखर्च, कुटुंबाचा आधार आणि पीडितांना साहाय्य यांसाठी एकूण वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत कपात करता येते. उमेदवाराला विचारायला हवे की या कपातीतला कोणता भाग त्याला न्याय्य वाटतो आणि का.

दुसरा प्रश्न शरीराच्या सुरक्षेचा. संघीय कारागृहांत जुने संगणक आणि पडदे मोडण्याचे काम कैद्यांना दिले होते. काच फोडताना उडणाऱ्या धुळीत शिसे आणि कॅडमियम होते. एका कारागृहाच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आवाज उठवला, चौकशी झाली, आणि २०१०मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी त्यावर सविस्तर अहवाल दिला. ‘नवे काम सुरू करण्याआधी तुम्ही काय तपासाल?’ हा साधा प्रश्न संचालकांना आधीच विचारला गेला पाहिजे, हे त्या अहवालावरून पटते.

तिसरा प्रश्न काम कशासाठी, हा. नफ्यावर स्वयंपूर्ण होणे आणि शिकवणीतून पुनर्वसन करणे ही दोन्ही उद्दिष्टे अनेक कायद्यांत शेजारी शेजारी लिहिलेली असतात, पण वर्कशॉपमध्ये ती एकमेकांच्या आड येतात. नफ्याला कुशल, दीर्घ शिक्षेचा कैदी हवा असतो. पुनर्वसनाला लवकर सुटणारा, हातात काही नसलेला. उमेदवार कोणाच्या बाजूने झुकतो ते ऐकले पाहिजे.

चौथा प्रश्न हवाईच्या वेगळ्या परिस्थितीतून येतो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून राज्य आपले अनेक कैदी मुख्य भूमीवर पाठवते. आज त्यांतले बहुतेक अ‍ॅरिझोनात इलॉयच्या सग्वारो या खासगी कारागृहात आहेत. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाला घरच्या कारागृह उद्योगाचा काय उपयोग? १ जानेवारी २०२४ला राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाची पुनर्रचना होऊन सुधारणा आणि पुनर्वसन विभाग अस्तित्वात आला. त्या नावातले दुसरे आश्वासन खरे करायचे, तर हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारायला हवा.

एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. बिनपगारी काम करायला पुढे आलेल्या माणसाला असे प्रश्न विचारले तर कोणी पुढेच येणार नाही, असे म्हणतात. पण वर दिलेल्या प्रश्नांत उमेदवाराच्या चारित्र्यावर शंका घेणारा एकही प्रश्न नाही. जो या कामाचा विचार करून आला आहे, त्याला बोलायला मिळेल याचा आनंदच होईल, आणि ज्याने विचार केलेला नाही, त्याला करावा लागेल.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. भारताच्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदातल्या वेठबिगारीच्या मनाईच्या प्रकाशात सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये गुजरातच्या खटल्यात कैद्यांच्या वेतनाचा विचार केला. सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त मोबदला मिळावा, दर ठरवण्यासाठी राज्यांनी समित्या नेमाव्यात आणि पीडितांसाठी काही वाटा बाजूला काढण्याचा कायदा करावा, असे त्या निकालाने सुचवले. ३ ऑक्टोबर २०२४ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने कारागृहात जातीवरून काम वाटून देणारे नियम घटनाबाह्य ठरवले. या निकालांची अंमलबजावणी शेवटी समित्या, पाहणी मंडळे आणि अशासकीय सदस्य यांच्यावर अवलंबून असते. आपल्याकडे अशा समित्यांवरची माणसे शासन निर्णयाने नेमली जातात. एकेका नावावर सभागृहात सुनावणी किंवा मतदान होत नाही. हवाईची पद्धत उचलून आणावी असे येथे सुचवायचे नाही. पण येरवड्यात किंवा नाशिकरोडला माग चालवणाऱ्या कैद्याच्या मजुरीबद्दल मत देणारी माणसे कोण, त्यांना कोणी आणि काय विचारून नेमले, हे जाणून घेण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कोठून करावी? एकच राज्य घ्यावे, एकच समिती घ्यावी, आणि दहा वर्षांतल्या नेमणुकांची कागदपत्रे वाचावीत. उमेदवाराचे निवेदन, साक्षी, समितीचा अहवाल, मतांची नोंद हे सगळे क्रमाने लावावे. मग त्याच सदस्यांच्या बैठकांचे इतिवृत्त शेजारी ठेवावे. सुनावणीत दिलेल्या शब्दाचे बैठकीत काय झाले, ते तपासावे. कोणाची साक्ष आली नाही हेही लिहून ठेवावे. शिक्षा भोगून आलेला कामगार किती वेळा बोलला, हा आकडा बरेच काही सांगेल. पुढच्या प्रकरणांत आम्ही हेच करण्याचा प्रयत्न केला आहे आणि बरेच काम बाकी ठेवले आहे. ते हाती घेणाऱ्यांसाठीच हे पुस्तक लिहिले आहे. ज्यांनी कधी कारागृह पाहिले नाही, त्यांनीही यावे. कारण कारागृहात काय चालावे हे ठरवणारे सभागृह आपल्या सर्वांच्या मतांनी उभे असते, आणि तिथे न विचारलेल्या प्रश्नाची जबाबदारीही आपलीच असते.