तोयोसूच्या जमिनीखाली नसलेली माती

३१ ऑगस्ट २०१६. टोकियोच्या राज्यपालपदी महिनाभरापूर्वीच निवडून आलेल्या युरिको कोइके यांनी जाहीर केले, की ७ नोव्हेंबरला ठरलेले तोयोसू घाऊक बाजाराचे उद्घाटन होणार नाही. इमारती उभ्या होत्या आणि व्यापाऱ्यांनी नव्या गाळ्यांत पैसा गुंतवला होता. घोडे अडले होते ते जमिनीखालच्या पाण्यापाशी. हा धागा त्या पाण्याचा आणि त्यावरच्या मातीचा.

टोकियोची मासळी शतकानुशतके निहोनबाशीला विकली जात असे. १९२३च्या महाभूकंपात तो बाजार नष्ट झाला आणि १९३५ साली त्सुकिजीचा बाजार सुरू झाला. पुढे तोही जुना आणि अपुरा ठरला. २००१ साली, शिंतारो इशिहारा राज्यपाल असताना, तो तोयोसूला हलवण्याचे ठरले. तिथे सुमारे ४० हेक्टर जागा होती.

राजधानीत एवढी जागा रिकामी का, हा प्रश्न कुणालाही पडावा. समुद्रात भराव घालून केलेल्या या जमिनीवर १९५६ ते १९८८ या काळात टोकियो गॅस कंपनीचा कारखाना होता. हवाबंद भट्टीत कोळसा तापवला की जळाऊ वायू मिळतो (मुंबईच्या रस्त्यांवर १८६५पासून जे दिवे जळू लागले, ते अशाच वायूचे). वायू नळांतून शहरात जातो. मागे राहतात डांबर, बेन्झिन आणि सायनाइडची संयुगे. ती हळूहळू मातीत आणि मातीतून भूजलात उतरतात.

२००८च्या तपासणीत तोयोसूच्या मातीत बेन्झिन पर्यावरणीय मर्यादेच्या ४३,००० पट आढळले, तर सायनाइड ८६० पट. जिथे शहराचे अन्न उतरायचे, तिथली ही जमीन!

तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय ऐकायला सोपा होता. कारखान्याच्या काळातील पातळीपासून २ मीटर खोल माती काढायची, तिच्या जागी शुद्ध माती भरायची आणि वर आणखी २.५ मीटरांचा थर द्यायचा, एकूण ४.५ मीटर. आजूबाजूचे पाणी आत झिरपू नये म्हणून भोवती जमिनीत भिंती उतरवायच्या, आतले भूजल उपसून शुद्ध करायचे. दूषित मातीवरही प्रक्रिया झाली : काही धुतली, काही तापवली, काही सूक्ष्मजीवांच्या हवाली केली. खर्च सुमारे ८,६०० कोटी येन.

सप्टेंबर २०१६मध्ये उघड झाले, की मुख्य इमारतींखाली तो शुद्ध मातीचा भराव नाहीच. तिथे पोकळ तळघरे होती आणि त्यांत पाणी साचले होते. प्रशासन मात्र साऱ्या आवारात भराव घातल्याचे लोकांना सांगत आले होते. पोकळीला तांत्रिक कारण होते : नळ टाकणे आणि पुढे प्रदूषण आढळले तर खाली उतरून काम करणे सोयीचे जावे. कारण मुळीच वेडगळ नव्हते. पण तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून केलेला हा बदल लोकांपासून दडून राहिला. मार्च २०१७मध्ये चौकशी समितीने इशिहारांना पाचारण केले, तेव्हा तांत्रिक बाबी आपण जाणकारांवर सोपवल्या होत्या, असा त्यांचा पवित्रा होता.

त्याआधी जानेवारीत भूजलाच्या नमुन्यात बेन्झिन मर्यादेच्या ७९ पट निघाले. आकडा भयंकर वाटतो. पण ही मर्यादा रोज २ लिटर पाणी ७० वर्षे पिणारा माणूस गृहीत धरून आखलेली असते, आणि तोयोसूचे भूजल ना कुणी पिणार होते, ना त्याने मासळी धुणार होते. म्हणूनच जमिनीवरचा बाजार सुरक्षित आहे, असे तज्ज्ञ म्हणत राहिले. जपानीत यासाठी दोन शब्द आहेत : ‘आन्झेन’ म्हणजे प्रत्यक्ष सुरक्षितता आणि ‘आन्शिन’ म्हणजे मनाचा निर्धास्तपणा. पहिली मोजता येते. दुसरा तळघराच्या बातमीने गेला, आणि तो पंपाने भरून काढता येत नाही. माझ्या मते तोयोसूचे खरे नुकसान बेन्झिनपेक्षा या मौनाने केले.

त्सुकिजीची जमीनही निष्कलंक नव्हती. १९५४ साली बिकिनी बेटावरील अणुचाचणीच्या राखेत सापडलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या नौकेची किरणोत्सारी टूना मासळी त्याच बाजाराच्या आवारात पुरली होती. १९९९ साली तिथे स्मृतिफलक लागला.

जून २०१७मध्ये कोइके यांनी प्रदूषणमुक्तीचे वचन पाळता न आल्याबद्दल व्यापाऱ्यांची माफी मागितली. त्यानंतर तळघरांत काँक्रीट ओतले गेले, वायुवीजन बसले, उपसा वाढवला. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्सुकिजीचा घाऊक बाजार बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला तोयोसूला पहिला लिलाव पुकारला गेला. भूजलाची पातळी ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यासाठी बाजाराखाली उपशाची यंत्रणा कायमची बसवलेली आहे.