महाकाय मुंग्यांचे वाळवंट

१९५४ साली अमेरिकेत ‘देम!’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. न्यू मेक्सिको राज्यातील वाळवंटात एक लहान मुलगी भेदरून भटकताना सापडते. १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीतील किरणोत्सारामुळे तेथील मुंग्या अडीच-तीन मीटर लांबीच्या झाल्या आहेत, असे पुढे उघड होते.

हे वाळवंट पाहण्यासाठी मात्र न्यू मेक्सिकोत जाऊन उपयोग नाही. चित्रीकरण झाले ते तेथून हजारभर किलोमीटर पश्चिमेला, कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, पामडेल गावाच्या परिसरात. याचा पुरावा पडद्यावरच दिसतो. तेथील वाकड्यातिकड्या फांद्यांचे जोशुआ वृक्ष न्यू मेक्सिकोत उगवतच नाहीत!

मुंग्यांचे काय? एक सेंटिमीटर लांबीची मुंगी अडीच मीटरची झाली, तर लांबी २५० पट होईल. पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ ६२,५०० पट वाढेल. पण वजन वाढेल दीड कोटी पटींहून अधिक. म्हणजे पायांच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर २५० पट भार येईल. अशी मुंगी उभीच राहू शकणार नाही.

मग त्या वाळवंटात खरोखर काय घडले? चाचणीच्या जागेचे स्पॅनिश नाव ‘होर्नादा देल मुएर्तो’, म्हणजे ‘मृत माणसाची वाट’. १६ जुलै १९४५ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी तेथे सुमारे ३० मीटर उंच पोलादी मनोऱ्यावर अणुबाँबचा स्फोट करण्यात आला. वाळू वितळून तिची हिरवट काच झाली. तिला ‘ट्रिनिटाइट’ म्हणतात. आज तेथे लाव्हाच्या दगडांचा स्मारकस्तंभ आहे. लष्करी क्षेत्र असल्याने सर्वसामान्यांना वर्षातून एखाद-दोन दिवसच प्रवेश मिळतो.

किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दूर गेली. आसपासच्या काही गुरांचे केस पांढरे पडले. दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या इंडियाना राज्यातील एका कारखान्यात पुठ्ठा बनवताना नदीचे दूषित पाणी वापरले गेले. त्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर डाग उमटले आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्यावरून अणुस्फोटाचा माग काढला.

चित्रपटातील वाळवंट ओसाड दिसते; चाचणीचा प्रदेश तसा नव्हता. आसपास शेतकरी आणि पशुपालक राहत होते. त्यांना आधी सूचना दिली गेली नाही, की हलवलेही गेले नाही. किरणोत्सारपीडितांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. त्यात नेवाडातील चाचण्यांच्या वाऱ्याखाली राहणारे लोक होते, पण न्यू मेक्सिकोतील या रहिवाशांना स्थान नव्हते. ते मिळाले २०२५ मध्ये, चाचणीनंतर ८० वर्षांनी.

हा चित्रपट वर्गात दाखवल्यास विद्यार्थ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. एवढी मोठी मुंगी का असू शकत नाही? आणि वाऱ्याच्या दिशेला कोण राहत होते? पहिल्याचे उत्तर गणितात सापडेल. दुसऱ्यासाठी नकाशा उघडावा लागेल.