पुण्याचे पाणी आणि त्याचे वाटेकरी

पुण्याला नदी आहे, संगमही आहे. तरी पिण्याच्या पाण्यासाठी पेशव्यांना कात्रजपर्यंत जावे लागले. उन्हाळ्यात मुठेचे पात्र आटे आणि वस्ती तर वाढत चाललेली. तेव्हा अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत चुनेगच्ची नळ आणविला. माणूस वाकून चालू शकेल एवढा तो भुयारी मार्ग. हवा खेळावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. ना पंप, ना यंत्र. पाणी केवळ उतारावरून शहरात येई व हौदाहौदांतून पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आपल्या भगिनींच्या नित्याच्या बोलण्यातली. कित्येक हौद बुजले, पण नावे चौकांना चिकटून राहिली आहेत.

हे पाणी सर्वांचे होते असे मात्र नव्हे. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना सार्वजनिक हौदावर घागर बुडविण्याची मुभा नव्हती. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. एका हौदाने तहान ती कितीशी भागणार! परंतु पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात धरणांच्या बरोबरीने या हौदाची नोंद झाली पाहिजे, असे मला वाटते.

त्याच सुमारास खडकवासल्याचे धरण हाती घेण्यात आले आणि १८७९ साली पुरे झाले. कर्नल फाइफ या इंजिनियरच्या नावावरून जलाशयास 'लेक फाइफ' म्हणत. शहर व लष्करच्या वस्तीला पाणी द्यावयाचे आणि पूर्वेकडील दुष्काळी मुलुखाची शेती भिजवावयाची, अशी दोन कामे या एकाच धरणावर सोपविण्यात आली. भांडणाचे बी तेथेच पेरले गेले. गंमत अशी, की आरंभी शेतकरी कालव्याचे पाणी घ्यावयास फारसे राजी नसत. पाऊस बरा झाला तर ज्वारीसाठी पाणीपट्टी कोण भरणार? उसाने हे चित्र पालटले.

शेजारच्या मुळेवर तिसरा वाटेकरी आला. मुंबईच्या विजेसाठी टाटांचे धरण मुळशीला होऊ लागले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्याचे पुढारी. बायकाही त्यात होत्या. धरण अखेर झालेच. त्यातील पाणी घाटाखाली कोकणात उतरते, ते पुन्हा या खोऱ्यात येत नाही.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतविषयी येथे निराळे सांगावयास नको. एवढेच नमूद करते, की खडकवासलाही फुटून नळ कोरडे पडले, तेव्हा जुने आड आणि कात्रजचे पाणी लोकांच्या कामी आले.

पुढे पानशेत पुन्हा उभे राहिले, वरसगाव व टेमघर झाले. चारही धरणे मिळून साठा सुमारे २९ अब्ज घनफूट. तो पुरत नाही, कारण शहर पसरत गेले आणि कालवाही दौंड, इंदापुरापर्यंत पोहोचला. दरवर्षी कालवा समितीची बैठक भरते. शहराला किती, उन्हाळी आवर्तने किती, यावर खडाजंगी होते. आपल्याकडे एक दिवस पाणी बंद राहिले की आपण कुरकुरतो. तिकडे एक आवर्तन हुकले की उभे पीक जाते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी तर हाच उजवा कालवा पर्वतीजवळ फुटला. दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांत पाणी शिरून संसार वाहून गेले. ज्या बायकांना एरवी एका हंड्यासाठी तिष्ठावे लागे, त्यांच्याच घरात कालवा आला.

आता शहराचे वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडतात. नळाचे पाणी आपण घ्यावयाचे, सांडपाणी त्यांनी, असा हा सौदा. ते पुरेसे शुद्ध नसते, अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. आपल्या मोरीतून निघालेल्या पाण्याची ती तक्रार आहे.